विश्लेषण : फोर्कलिफ्टला प्रेशर पंपाची ‘आंघोळ’ महागात का पडते?

भिवंडीची गोदामे असोत, चाकण-तळेगावचे कारखाने असोत की उरणजवळची कंटेनर यार्डे. खंडेनवमीच्या आधी यंत्रे धुऊन-पुसून लखलखीत करण्याची प्रथा सगळीकडे आहे. त्यात फोर्कलिफ्टही आल्याच. ट्रक धुण्याचा प्रेशर पंप आवारात असतोच. पाइप फिरवला की काही मिनिटांत गाडी चकाचक, मग हार आणि नारळ. पुढच्या जेमतेम वीस दिवसांत दिवाळी येते, मालाची आवक-जावक शिगेला पोहोचते आणि नेमकी तेव्हाच एखादी गाडी भर पाळीत बंद पडते. डॅशबोर्डवर एरर कोड दिसतो, मेकॅनिक झाकण उघडतो आणि आत कनेक्टरवर हिरवट थर सापडतो. त्यानंतर पहिला प्रश्न विचारला जातो, ‘धुतली कोणी?’ खरे तर विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. धुण्याचे काम ठरवले कोणी, आणि कसे?

विजेवरच्या फोर्कलिफ्टमध्ये पाण्याची भीती कशाला?

गोदामाच्या आत आता बहुतेक कामे बॅटरीवरच्या गाड्यांवर होतात. फोर्कलिफ्ट, उंच रॅकसाठी रीच ट्रक, स्टॅकर आणि पॅलेट ओढणारी बीओपीटी या सगळ्या त्यात आल्या. २४, ३६, ४८ किंवा ८० व्होल्टची बॅटरी, चाक फिरवणारी मोटर, हायड्रॉलिक पंपाची मोटर आणि या दोन्हींना किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर हा या गाडीचा गाभा. त्याशिवाय ॲक्सिलरेटर आणि ब्रेकच्या पॅडलखालचे सेन्सर, सीटखालचा स्विच, स्टिअरिंगचा सेन्सर, डिस्प्ले, फ्यूज, काँटॅक्टर आणि या साऱ्यांना जोडणारे वायरिंग.

मालवाहू ट्रकचा सांगाडा आणि हौदा रस्त्यावरचा पाऊस झेलण्यासाठीच बनवलेला असतो. गोदामातली फोर्कलिफ्ट छपराखाली चालण्यासाठी बनते. दोन्ही गाड्या एकाच पंपाखाली आणणे ही चुकीची सुरुवात आहे. डिझेल गाडीलाही सूट नाही. तिच्यातही अल्टरनेटर, स्टार्टर, फ्यूज बॉक्स आणि नव्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असतेच. शिवाय एअर फिल्टरच्या तोंडातून पाणी आत गेले तर इंजिनाचेही नुकसान होते.

‘वॉटरप्रूफ’ म्हणजे नेमके काय?

मोबाइल घेताना ‘आयपी६८’ हा शब्द अनेकांच्या कानावर पडलेला असतो. फोर्कलिफ्टच्या सुट्या भागांवरही असाच आकडा छापलेला असतो. ‘आयईसी ६०५२९’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो दिला जातो आणि भारतीय मानक ब्युरोनेही हे मानक ‘आयएस/आयईसी ६०५२९’ या नावाने स्वीकारले आहे. यातला पहिला अंक धुळीपासूनचे संरक्षण सांगतो आणि दुसरा पाण्यापासूनचे.

दुसरा अंक ४ असेल तर कोणत्याही बाजूने उडालेल्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ५ असेल तर पाण्याच्या धारेपासून. पण ही धार कशी? चाचणीत ६.३ मिलिमीटरच्या नळीतून, अडीच ते तीन मीटर अंतरावरून, मिनिटाला साडेबारा लिटर पाणी सोडले जाते. त्यासाठी लागणारा दाब साधारण ०.३ बार. म्हणजे बागेला पाणी घालावे तशी धार. याउलट बाजारातले प्रेशर पंप सहज १०० ते १५० बारपर्यंत जातात. १२० बारचा पंप धरला तरी हा दाब चाचणीतल्या दाबाच्या ४०० पट झाला. धार लांब गेल्यावर तिचा जोर कमी होतो हे खरे. पण धुणारा माणूस तीन मीटरवर उभा राहत नाही. डाग निघेना की तो नोझल वीतभर अंतरावर नेतो.

अशा माऱ्यासाठी मानकात ९ हा वेगळा अंक आहे. त्याच्या चाचणीत ८० अंश सेल्सिअसचे पाणी, ८० ते १०० बार दाबाने, अगदी जवळून मारले जाते. आणखी एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. मोठा अंक म्हणजे आधीची सगळी संरक्षणे आपोआप मिळाली, असे नाही. ७ आणि ८ हे अंक पाण्यात बुडण्याबाबतचे आहेत. केवळ ७ लिहिलेला भाग धारेपुढे टिकेल असे मानक मानत नाही. त्यासाठी दोन्ही चाचण्या होऊन दोन्ही अंक लिहिलेले असावे लागतात. म्हणजे बादलीत बुडून वाचणारी वस्तू पाइपच्या धारेने खराब होऊ शकते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हा आकडा सुट्या भागाचा असतो. कंट्रोलरच्या डब्यावर आयपी६५ लिहिले असले तरी शेजारचा फ्यूज उघडा असू शकतो. जुन्या डीसी मोटरना तर थंड राहण्यासाठी हवेची उघडी जाळीच असते. ‘कंपनीने वॉटरप्रूफ सांगितले होते’ हा युक्तिवाद इथे संपतो.

झाकण बंद असूनही पाणी आत जाते कसे?

तीन वाटांनी. पहिली वाट जोराची. रबरी सील नवे असताना घट्ट बसते; वर्षे गेली की कडक होते, चिरते. दुरुस्तीनंतर झाकण परत लावताना चार स्क्रूंपैकी दोनच लावले गेले, तर फट तयारच असते. प्रेशरची धार अशी फट शोधून काढते.

दुसरी वाट केशाकर्षणाची. कापडाचे टोक पाण्यात बुडवले की पाणी वर चढते, तसेच ते वायरच्या बारीक तारांमधून, आवरणाच्या आतून सरकत जाते. पाणी एका टोकाला लागते आणि गंज हातभर लांबच्या कनेक्टरमध्ये सापडतो.

तिसरी वाट सगळ्यात फसवी, तापमानाची. पाळी संपल्या-संपल्या गाडी धुवायला घेतली जाते. कंट्रोलर आणि मोटर तेव्हा गरम असतात. समजा बंद डब्यातली हवा ६० अंशांवर आहे आणि थंड पाण्याने ती झटकन २५ अंशांवर आली. आतला दाब साधारण दहा टक्क्यांनी घसरतो. डबा आत हवा ओढू लागतो आणि सीलच्या कडेला पाणी असेल तर हवेऐवजी पाणीच ओढले जाते. म्हणजे इथे जोराच्या धारेचीही गरज नाही. गरम गाडीवर साधी बादली ओतणेही पुरते. शीतगृहात काम करणाऱ्या गाड्यांना हा त्रास पाणी न मारताही होतो. उणे तापमानातून कोकणपट्टीच्या दमट हवेत आल्या की त्यांच्या अंगावर आणि आतही दव धरते.

बिघाड लगेच का दिसत नाही?

शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. पण गोदामातले पाणी शुद्ध नसते. बोअरवेलचे क्षार, साबण, सिमेंटची किंवा धातूची धूळ त्यात मिसळते आणि वीज वाहून नेणारे द्रावण तयार होते. दोन पिनांमध्ये असा थेंब अडकला आणि बॅटरी जोडलेली असली की तिथे छोटी रासायनिक प्रक्रिया सुरू होते. तांबे विरघळते, हिरवट-पांढरा थर चढतो, धातूचे बारीक तंतू एका पिनेकडून दुसरीकडे वाढू लागतात. शॉर्टसर्किट त्याच क्षणी होतेच असे नाही. दिवस जातात, कधी आठवडे. बहुतेक वेळा परिणाम संशयास्पद असतो. एरर येतो, गाडी बंद करून चालू केली की जातो, पुन्हा येतो. लिफ्ट मध्येच थांबते, वेग आपोआप कमी होतो.

हा उशीरच खरा घातक. धुणे आणि बिघाड यांचा संबंध नोंदवहीत कुठेच दिसत नाही. बिल ‘कंट्रोलर बदलला’ असे येते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच पंप, तोच पाइप. प्रश्न फक्त पैशांचाही नाही. एक-दोन टन माल उंचावर धरलेली गाडी अपेक्षेप्रमाणे चालली नाही किंवा ओल्या ब्रेकमुळे जरा उशिरा थांबली, तर समोर पायी चालणारा हमाल असतो.

बॅटरीवर पाणी मारले तर?

लेड-ॲसिड बॅटरीच्या माथ्यावर धूळ आणि ॲसिडचा पातळ थर असतो. त्यावर पाणी पडले की सेलच्या टर्मिनलपासून लोखंडी पेटीपर्यंत विजेला वाट मिळते. बॅटरी आपोआप उतरू लागते, पेटी गंजते आणि गाडीच्या सांगाड्यात गळतीचा प्रवाह येतो. काही गाड्यांचे नियंत्रण ही गळती ओळखून गाडीच थांबवते. सेलची टोपणे सैल असतील तर पाइपचे पाणी आत जाऊन ॲसिड पातळ करते. सेलमध्ये डिस्टिल्ड पाणीच घालायचे असते, नळाचे नाही.

चार्जिंगच्या वेळी या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून चार्जिंगच्या जागेत धुलाई आणि ओल्या हातांनी कनेक्टर काढणे-घालणे हे दोन्ही टाळायचे. बॅटरीचा माथा स्वच्छ करायचा तर टोपणे घट्ट बंद करून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसायचा. सोड्याने ॲसिड मारले जाते. पण तो सेलच्या आत जाता कामा नये. हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲसिड आणि शिसे मिसळलेले हे पाणी थेट गटारात सोडणे चूक आहे. कारखान्यातल्या घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत. कंपन्या त्यांतल्या तेलाच्या डब्यांची नोंद ठेवतात, धुलाईच्या पाण्याकडे मात्र कानाडोळा होतो.

लिथियम बॅटरीत ॲसिड नसते, म्हणून ती ‘धुता येते’ असा समज पसरतो आहे. तो धोकादायक आहे. आत सेलवर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि पाणी आत गेले की नाही हे बाहेरून कळत नाही. तिच्यासाठी नियम एकच : फक्त पुसणे.

मग धुऊच नये का?

असे म्हणणेही तितकेच चूक. अस्वच्छ गाडी धोकादायकच असते. तेलकट पायरीवरून चालक घसरतो. मोटरच्या जाळीत कापसाचे तंतू किंवा पुठ्ठ्याचा भुसा अडकला की मोटर तापते, आग लागू शकते. गळती कुठून होते आहे ते मळामुळे दिसत नाही. औषधे आणि खाद्यपदार्थांच्या गोदामात तर स्वच्छता हा व्यवसायाचाच भाग आहे. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा यंत्रणेचा, ‘ओशा’चा नियम फोर्कलिफ्ट तंतू, जादा तेल आणि ग्रीसपासून मुक्त ठेवायला सांगतो, त्याच नियमात १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअसच्या खाली पेट घेणारी द्रावणे सफाईसाठी वापरायला मनाई आहे. आपल्याकडे ग्रीस काढायला फडक्यावर पेट्रोल किंवा थिनर ओतणे वर्कशॉपमध्ये सर्रास चालते. पेट्रोलची वाफ तर शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही पेट घेते.

योग्य पद्धत कोणती?

तत्त्व एका ओळीत सांगता येते : आधी कोरडे, मग ओलसर, पाणी सगळ्यात शेवटी आणि फक्त खालच्या लोखंडी भागावर.

१. गाडी सपाट जागी उभी करून काटे जमिनीला टेकवावेत, हँडब्रेक लावावा, किल्ली काढावी आणि बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. कंट्रोलरमध्ये काही काळ चार्ज शिल्लक राहतो. पुस्तिकेत दिलेली वेळ थांबूनच झाकणाला हात लावावा.

२. गाडी थंड होऊ द्यावी. पाळी संपताच धुण्यापेक्षा पुढची पाळी सुरू होण्याआधी धुणे चांगले.

३. धूळ आधी व्हॅक्यूम क्लीनरने आणि मऊ ब्रशने काढावी. कॉम्प्रेसरची हवा वापरायची तर दाब कमी ठेवावा. ओशाची मर्यादा ३० पीएसआयच्या आतली आहे, आणि त्यासोबत चष्माही सक्तीचा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठते. ते आधी सोडले नाही तर ‘कोरडी’ हवाच पाणी उडवते. जुन्या डीसी मोटरमधली काळी भुकटी कार्बनची, म्हणजे वीजवाहक असते. ती फुंकरीने कंट्रोलरवर न उडवता ओढून घ्यावी.

४. डिस्प्ले, सीट, पॅडल, लिव्हर, कंट्रोलरचे झाकण हे सगळे सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावे. उघड्या कनेक्टरसाठी इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनरच वापरावा, आणि तोही जाणकाराच्या हाताने.

५. चाके, काटे आणि मास्टचा खालचा भाग धुवायचाच असेल तर वरचे विजेचे भाग प्लॅस्टिकने झाकून, चिकटपट्टी लावून, साध्या नळाच्या दाबाने धुवावेत. धार वरून खाली असावी, खालून वर कधीच नको. गाडीच्या पोटातले वायरिंग खालच्या बाजूने उघडेच असते.

६. मास्टच्या साखळीवर प्रेशर किंवा डीग्रीझर मारू नये. त्याने आतले वंगण निघून जाते आणि झीज वाढते. साखळी पुसून पुन्हा तेल द्यावे. माल उचलण्याचा सगळा भार तिच्यावरच असतो.

७. गाडी पूर्ण सुकल्यावरच बॅटरी जोडावी. मग मोकळ्या जागेत रिकामी चालवून ब्रेक, हॉर्न, स्टिअरिंग आणि लिफ्ट तपासावी आणि नोंद करावी : कधी धुतली, कोणी धुतली, कशी धुतली.

पाणी आत गेल्याची शंका आली तर?

‘चालू करून बघू’ हा मोह टाळायचा. पाण्याने होते त्यापेक्षा जास्त नुकसान, ओल्या सर्किटमधून वीज सोडल्याने होते. बॅटरी सोडवलेलीच ठेवून मेकॅनिकला बोलवावे. हीट गनने सुकवणेही नको. बाहेरचे प्लॅस्टिक वितळते आणि आतले पाणी वाफ होऊन आणखी खोल जाते. झाकण उघडून, पुसून, खेळत्या हवेत सुकू देणे हाच मार्ग. एक पाळी गाडी उभी राहिली तरी ते कंट्रोलर बदलण्यापेक्षा स्वस्तच पडते.

दोष कोणाचा?

इथे प्रश्न तांत्रिक राहत नाही. अनेक गोदामांत फोर्कलिफ्ट भाड्याची असते, चालक एका कंत्राटदाराचा, सफाई कामगार दुसऱ्या एजन्सीचा आणि देखभालीचे वार्षिक कंत्राट तिसऱ्याकडे. गाडी धुणे हे काम या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडते. निर्मात्याची पुस्तिका ‘विजेच्या भागांवर प्रेशर मारू नका’ असे सांगते. पण ती इंग्रजीत असते आणि मॅनेजरच्या कपाटात असते. ज्याच्या हाती पाइप आहे त्याला गाडी ‘चमकली पाहिजे’ एवढेच सांगितलेले असते.

वॉरंटी आणि देखभाल कंत्राटात पाण्याने झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते. मग खर्च कोणाच्या तरी माथी मारायचा, तर सर्वांत सोपा माणूस म्हणजे पाइप धरणारा. वेतनविषयक कायदा मात्र इतका सोपा रस्ता देत नाही. नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झाले असले पाहिजे आणि त्याला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय पगारातून कपात करता येत नाही. ज्याला पद्धत शिकवलीच नाही, साहित्य म्हणून फक्त प्रेशर पंप दिला आणि वेळ म्हणून जेवणाची सुट्टी, त्याची हयगय कशी ठरवणार?

‘फडक्याने पुसायला वेळ कोणाकडे आहे?’ हा गोदाम व्यवस्थापकांचा प्रश्न खोटा नाही. पाइपने काही मिनिटांत होणाऱ्या कामाला फडक्याने तासभर लागतो आणि सणाच्या गर्दीत तो तास परवडत नाही. पण तो वाचलेला तास नंतर बंद गाडीच्या रूपाने, व्याजासह मोजावा लागतो. फरक एवढाच की पहिला तास हजेरीपत्रकावर दिसतो, दुसरा दुरुस्तीच्या बिलात लपतो.

काय बदलायला हवे?

फार मोठ्या गुंतवणुकीची गरज नाही. धुणे हे सफाईच्या यादीतून काढून देखभालीच्या यादीत घालणे ही पहिली पायरी. कंत्राटांत ते कोणाचे काम आहे हे नावानिशी लिहावे. गाडीवर दोन रंगांचे स्टिकर लावावेत, कुठे पाणी चालेल आणि कुठे नाही. ते मराठीत आणि हिंदीत, चित्रांसह असावेत, कारण पाइप धरणारा कामगार अनेकदा परप्रांतातून आलेला असतो. आठवड्याला थोडी कोरडी सफाई ठेवली की सणाच्या आदल्या दिवशी धो-धो पाणी मारण्याची वेळच येत नाही. ऑडिटला येणाऱ्या ग्राहक कंपन्यांनीही गाडी किती चमकते हे पाहण्याऐवजी तिची नोंदवही मागावी.

खंडेनवमीला यंत्राची पूजा होते ती त्याने वर्षभर साथ द्यावी म्हणून. पूजेच्या तयारीतच त्याचे आयुष्य कमी होत असेल, तर तो दोष पाइप हाती दिलेल्या कामगाराचा नाही; पद्धत न शिकवता, वेळ न देता त्याच्या हाती पाइप देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.